आधीचा फोटो



गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या सगळ्यांच्या फोनवर एका ठरावीक प्रकारचं चित्र वारंवार येऊ लागलं आहे. दोन फोटो, शेजारी शेजारी. डावीकडे एखादं शहर वरून दिसतं: छपरं, रस्ते, झाडं, शाळेचं मैदान. उजवीकडे तेच शहर, पण छपरांच्या जागी राखाडी ढिगारे. खाली दोन तारखा. मारिउपोल, गाझा, सुदानमधलं अल फाशर. नावं बदलतात, चित्राची मांडणी तीच राहते. आपण क्षणभर हळहळतो आणि बोट पुढे सरकवतो.

माझी भाची इंदूरला इंजिनिअरिंगला आहे. तिने असंच एक चित्र बघताना मला विचारलं, "मावशी, उजवीकडचा फोटो काढायला कुणीतरी उपग्रह तिकडे वळवला असेल, ते कळलं. पण डावीकडचा कुणी काढून ठेवला? युद्ध होणार हे त्याला आधीच माहीत होतं का?"

प्रश्न अगदी नेमका आहे. उत्तर असं, की कुणालाच माहीत नव्हतं. उपग्रह आपल्या नेमाने फिरत असतो आणि खाली काय घडणार आहे याचा विचार न करता फोटो काढत राहतो. त्या शहरात त्या दिवशी काहीच विशेष नव्हतं, म्हणून तर तो फोटो मोलाचा. आजचं सदर या डावीकडच्या, 'आधीच्या' फोटोबद्दल आहे. आणि ते उज्जैनमध्ये बसून लिहायला कारणही आहे. आपल्या या शहराचा आधीचा फोटो कुणाकडेच नाही.

१२३४-३५ मध्ये दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश माळव्यावर चालून आला आणि त्याने महाकाळाचं देऊळ पाडलं. हे आपल्याला मुख्यतः मिन्हाज-ए-सिराज या इतिहासकाराच्या 'तबकात-इ-नासिरी' या फारसी ग्रंथातून कळतं. मिन्हाज दिल्ली दरबारातला माणूस.  म्हणजे त्या देवळाच्या पाडावाची जी हकिकत आपण आज सांगतो, तीसुद्धा जिंकणाऱ्याच्या पराक्रमाचं वर्णन करताना लिहिलेली आहे. आसपासच्या वस्तीचं काय झालं, किती घरं गेली, ती कुणाची होती, हे त्यातून समजत नाही. पुढे जवळजवळ पाचशे वर्षांनी, १७३० च्या दशकात, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी देवळाची पुन्हा उभारणी केली, ते आज आपण बघतो.

दुसरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि शहराकडून जबर खंडणी वसूल केली. त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरमध्ये शिंद्यांची फौज इंदुरात शिरली. सर्जेराव घाटग्यांच्या माणसांनी शहर लुटलं, घरं जाळली. लुटणाऱ्यांत मराठी माणसं होती आणि लुटल्या गेलेल्यांतही. या प्रसंगाबद्दल आपण बरंचसं वाचतो ते जॉन माल्कमच्या १८२३ सालच्या पुस्तकात, म्हणजे घटनेनंतर वीसेक वर्षांनी, तेही एका इंग्रज अधिकाऱ्याने लोकांकडून ऐकून लिहिलेलं. याच सर्जेरावांची मुलगी म्हणजे बायजाबाई शिंदे. वैकुंठ चतुर्दशीला हरिहर भेटीसाठी आपण ज्या गोपाळ मंदिरात गर्दी करतो, ते त्यांनी बांधलं. एका पिढीने शेजारचं शहर जाळावं आणि पुढच्या पिढीने इथे देऊळ बांधावं, असा आपल्या माळव्याचा इतिहास आहे. तेव्हा शहरं उद्ध्वस्त करण्याचा मक्ता कुणा एकाच धर्माकडे किंवा जातीकडे होता, असं समजायचं कारण नाही.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. काय घडलं ते एक तर जिंकणाऱ्याने सांगितलं किंवा कुणीतरी नंतर ऐकून लिहिलं. ज्यांची घरं गेली त्यांच्या हातात दाखवायला काही नव्हतं. उपग्रहामुळे बदललं ते हेच.

आता हे काम चालतं कसं, ते थोडक्यात बघू. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये गेला. आपला आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी गेला. उपग्रहाचा फोटो लहान लहान चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. आयआरएस-१ए च्या बारीक कॅमेऱ्यातला एक ठिपका जमिनीवर सुमारे ३६ मीटर लांब-रुंद जागा व्यापायचा. म्हणजे अंगण, विहीर, माजघर, परसदार धरून आपला एखादा जुना वाडा त्या एका ठिपक्यात मावून गेला असता. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-३ चा ठिपका साधारण २५ सेंटिमीटरचा आहे. त्यात वाड्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा वेगळी दिसेल.

पण नुसतं बारीक दिसून भागत नाही. बॉम्बने कधी कधी इमारतीचे मजले एकावर एक बसतात आणि वरचं छप्पर जसंच्या तसं राहतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, इमारत शाबूत आहे. अशा वेळी जाणकार सावली मोजतात. पृथ्वीचे फोटो काढणारे बरेच उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दर वेळी स्थानिक घड्याळाप्रमाणे साधारण एकाच वेळेला जातात, पुष्कळदा सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्यामुळे त्याच मोसमातल्या दोन फोटोंमध्ये इमारतीची सावली सारखीच लांब पडायला हवी. ती निम्मी झाली असेल, तर छप्पर दिसत असलं तरी इमारत खाली बसली आहे.

उज्जैनकरांना हे तंत्र परकं वाटू नये. आपल्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे. मधोमध उभा शंकू, त्याची सावली मोजायची आणि सूर्य कुठे आहे ते सांगायचं. २१ जूनच्या दुपारी ती सावली जवळजवळ नाहीशी होते आणि ते बघायला आपण मुलांना घेऊन जातो. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा मोडकळीस आली होती. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि गोविंद सदाशिव आपट्यांनी तिचं काम पुन्हा मार्गी लावलं. वेधशाळेत उंची ठाऊक असते आणि सावलीवरून सूर्य शोधायचा असतो. उपग्रहाच्या फोटोत सूर्य कुठे आहे ते ठाऊक असतं आणि सावलीवरून उंची शोधायची असते. गणित एकच, फक्त उलट बाजूने सोडवायचं.

आकाश ढगाळ असेल किंवा रात्र असेल तर फोटो निघत नाही. तिथे रडार उपयोगी पडतं. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि जमिनीवरून परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. कुंभाराकडे मडकं घेताना आपण ते वाजवून बघतो ना, तसंच हे. धड मडक्याचा आवाज एक, तडा गेलेल्याचा दुसरा. इमारत उभी असेल तर दर फेरीला प्रतिध्वनी जवळपास तसाच येतो. पडली की तो एकदम बदलतो. कोरी शेर आणि जेमन व्हॅन डेन होक या दोन अमेरिकी अभ्यासकांनी याच पद्धतीने आधी युक्रेनमधल्या आणि मग गाझामधल्या पडझडीचे नकाशे केले. संयुक्त राष्ट्रांचं युनोसॅट नावाचं केंद्र हेच काम डोळ्यांनी तपासून, एकेक इमारत मोजून करतं. सप्टेंबर २०२४ च्या फोटोंवरून त्यांनी गाझामधल्या सुमारे ६६ टक्के बांधकामांना, म्हणजे १ लाख ६३ हजारांहून जास्त इमारतींना, कमी-अधिक नुकसान झाल्याची नोंद केली. आत पत्रकारांनाही सहज जाता येत नव्हतं, तेव्हाची ही मोजदाद आहे.

या नोंदींचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. एक उपयोग खोटं उघडं पाडण्याचा. मार्च २०२२ च्या शेवटी रशियन सैन्य युक्रेनमधल्या बुचा गावातून मागे गेलं आणि तिथे रस्त्यावर नागरिकांचे मृतदेह सापडले. आम्ही गेल्यावर हा देखावा रचला गेला, असं रशियाने सांगितलं. पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातले, म्हणजे सैन्य गावात असतानाचे, उपग्रहाचे फोटो निघाले. ज्या जागी नंतर मृतदेह मिळाले त्याच जागी त्या फोटोंत काळ्या आकृत्या दिसत होत्या. तारीख लागलेला एक फोटो एका देशाच्या अधिकृत निवेदनासमोर उभा राहिला.

दुसरा उपयोग न्यायालयात. मालीमधल्या टिंबक्टू शहरात २०१२ मध्ये अतिरेक्यांनी जुन्या संतांच्या कबरींवरच्या वास्तू पाडल्या. त्यांच्यापैकी अहमद अल माहदीवर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला. पुराव्यांत उपग्रहाचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते. त्याने गुन्हा कबूल केला आणि २७ सप्टेंबर २०१६ रोजी त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. इल्तुतमिशाच्या काळात किंवा १८०१ च्या इंदुरात असं काही कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मात्र वरून दिसणाऱ्या चित्राला भुलून चालणार नाही. त्याच्या मर्यादा तरुण मंडळींनी नीट समजून घ्याव्यात.

पहिली मर्यादा ही, की उपग्रहाला छप्पर दिसतं, छपराखालची माणसं दिसत नाहीत. मारिउपोलच्या नाट्यगृहात शेकडो लोक आसऱ्याला होते. इमारतीच्या पुढे आणि मागे जमिनीवर रशियन भाषेत मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'मुलं' असं लिहिलं होतं. १४ मार्च २०२२ च्या फोटोत ते स्पष्ट वाचता येतं. १६ मार्चला त्यावर बॉम्ब पडला. इमारत पडली याबद्दल शंका नाही. पण आत किती जण गेले? अ‍ॅम्नेस्टीने किमान बारा मृत्यूंची खात्री केली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने वाचलेल्यांशी बोलून सहाशेच्या आसपासचा अंदाज दिला. बारा आणि सहाशे यांतला हा फरक कितीही बारीक ठिपक्याचा उपग्रह भरून काढू शकत नाही. ते काम जमिनीवरच्या माणसांचं आहे.

सीरियातल्या पाल्मिराचंही तसंच. इसवी सन ३२ मध्ये अर्पण झालेलं तिथलं बेल देवतेचं मंदिर उडवल्याची बातमी ऑगस्ट २०१५ च्या शेवटी आली, तेव्हा ते उभं आहे की पडलं याबद्दल उलटसुलट बोललं जात होतं. युनोसॅटने फोटो बघून मंदिर गेल्याचं सांगितलं. पण त्याच महिन्यात, मंदिराच्या आधी, खालिद अल असद यांना मारण्यात आलं. हे ऐंशी ओलांडलेले पुरातत्त्वज्ञ चाळीस वर्षं पाल्मिरा सांभाळत होते. तिथला एकेक दगड ओळखणारा माणूस गेला, आणि ते कुठल्याच उपग्रहाच्या फोटोत दिसलं नाही.

दुसरी मर्यादा: घर गेलं हे दिसतं, का गेलं हे दिसत नाही. आपल्याच शहराचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे फोटो गूगल अर्थवर काढून बघा. महाकाळ परिसरात, जुन्या रस्त्यांवर कितीतरी छपरं होती, ती आता नाहीत. तिथे युद्ध झालं नाही. कुठे चौडीकरण झालं, कुठे नवं बांधकाम आलं, कुठे वाटण्या होऊन वाडा विकला गेला. परक्या माणसाने नुसते दोन फोटो शेजारी ठेवले, तर तो काहीही कथा रचू शकेल.

तिसरी मर्यादा मालकीची. १९९६ च्या एका कायद्यामुळे अमेरिकी कंपन्यांना इस्रायल आणि पॅलेस्टिनी भागाचे बारीक फोटो विकता येत नव्हते. ती मर्यादा २०२० मध्ये सैल झाली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या यंत्रणेतून युक्रेनला मिळणारे फोटो काही दिवस बंद ठेवले होते. वरचा डोळा कुणाचा, यावर काय दिसणार ते ठरतं. सुदैवाने युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचे फोटो जगात कुणालाही फुकट मिळतात, आणि आपल्या इस्रोचं भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून आहे. सेंटिनेल-२ चा ठिपका दहा मीटरचा, त्यामुळे एकटं घर नीट कळत नाही, पण दर पाच दिवसांनी नवा फोटो येतो. कॉलेजातल्या मुलांना शिकायला ते भरपूर झालं.

आणि खोट्या चित्रांचं काय? मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी म्हणून घरोघरच्या ग्रुपवर फिरली, हे आठवत असेल. तेव्हा 'आधी आणि नंतर' असा फोटो आला की पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी बघा. दोन्ही फोटोंवर तारीख आहे का? फोटो कुठल्या संस्थेने दिला ते लिहिलंय का? रस्त्याचं वळण, नदीचा काठ, चौक अशा न हलणाऱ्या खुणा दोन्हींत जुळतात का? मोसम सारखा आहे का? वैशाखातली क्षिप्रा आणि श्रावणातली क्षिप्रा शेजारी ठेवली तर नदीकाठावर संकट कोसळल्याचा भास सहज होईल.

आता पुन्हा आधीच्या फोटोकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात पोलंडची राजधानी वॉर्सा जर्मनांनी पद्धतशीर उद्ध्वस्त केली. जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग गेला. युद्धानंतर लोकांनी ते पुन्हा उभं केलं, तेव्हा बेलोट्टो नावाच्या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची शहराची चित्रं आणि युद्धाआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी मापं घेऊन काढलेले नकाशे कामी आले. त्या विद्यार्थ्यांना आपण काही महान काम करतोय असं वाटलं नसणार. कॉलेजचा अभ्यास म्हणून त्यांनी टेप धरून खिडक्या मोजल्या. तसंच सीरियाचं. २०१३ पासून बर्लिनमध्ये सीरियन वारशाचा एक संग्रह तयार होतोय. अभ्यासकांनी आणि प्रवाशांनी पूर्वी कधी तरी काढलेले तिथल्या गल्ल्यांचे, दारांचे, अंगणांचे फोटो त्यात नोंदवून ठेवले जात आहेत. उपग्रह सांगतो, इथे घर होतं. घर कसं होतं, कुणाचं होतं, ते हे जुने फोटो सांगतात.

आपल्या माळव्यात आज युद्ध नाही, आणि महाकाळाच्या कृपेने न होवो. पण आपले वाडे तर जातच आहेत. सिंहस्थ २०२८ जवळ येतंय, शहर झपाट्याने बदलतंय. ते बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. म्हणणं इतकंच, की बदलण्याआधी नोंद हवी. आपल्या बहुतेक घरांत लग्नामुंजींचे अल्बम आहेत. त्यात माणसं पुढे असतात आणि वाडा मागे धूसर, जिना अर्धा कापलेला. तो जिना कुठल्या वाड्याचा, हे सांगणारे आजी-आजोबा अजून आपल्यात आहेत.

म्हणून तरुण वाचकांना एक काम सुचवते. सुट्टीत उज्जैन, देवास, धार, इंदूर, ग्वाल्हेर, जिथे तुमचं मूळ घर असेल तिथे जा. भुवन किंवा गूगल अर्थवर ते घर शोधून त्या चौकटीचा फोटो जपून ठेवा आणि त्यावर तारीख घाला. मग घराचे चारही बाजूंनी फोटो काढा: दार, चौक, जिना, विहीर, देवघराची खिडकी. शेवटी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, या छपराखाली कोण कोण राहायचं? भाडेकरूंची नावंसुद्धा विचारा, समोरच्या घरातल्यांचीही विचारा. हे सगळं एका वहीत किंवा फाइलमध्ये एकत्र ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे द्या, म्हणजे एका जागचं गेलं तरी दुसरीकडचं राहील.

ज्यांना जमेल त्यांनी एक फोटो आणि नावांची यादी आपल्या संपादकांकडे पाठवा. साल नक्की माहीत नसेल तर "ताईच्या लग्नाच्या आधी" एवढं लिहिलं तरी चालेल. पुढच्या अंकापासून महिन्याला एक घर छापायचं ठरवलं आहे.